एका रेघेखालची चूक

मी एक प्रयोगवही बोलतेय. कडक पुठ्ठ्याची, दोनशे पानांची, प्रत्येक पानावर छापील आकडा असलेली. माझ्यातलं पान फाडायचं नाही आणि खाडाखोड करायची नाही, असा प्रयोगशाळेचा दंडक आहे. चुकलंच तर त्यावर एकच रेघ मारायची, तीही अशी की खालचं वाचता यावं. माणसांना हा नियम लावला असता, तर किती जणांची पंचाईत झाली असती!

माझी मालकीण रक्तपेशींवर संशोधन करायची. सकाळी नळ्या, दुपारी संगणक. दोन्हीकडे असा हात चालणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आता मी पाहिलेली बाई एकच, तरी माझं मत ठाम आहे.

डॉक्टरेट हातात आली आणि खरी कसोटी सुरू झाली. शिष्यवृत्ती संपायला दोनच महिने उरले होते. तोवर पुढच्या संशोधनाची जागा मिळाली नाही, तर हे काम कायमचं सुटणार होतं. तिने एकतीस प्राध्यापकांना अर्ज पाठवले. बहुतेकांनी उत्तराची तसदीही घेतली नाही. आई फोनवर विचारायची, अजून किती शिकणार आहेस, आणि ही हसून विषय बदलायची. फोन ठेवला की माझ्यावर कोपर टेकून बसायची. मला फार वाईट वाटायचं.

अखेर एका प्राध्यापक बाईंनी तिची संगणकावरून मुलाखत घ्यायचं ठरवलं. अडचण एकच होती. दुसऱ्या वर्षी हिने एका परिषदेत झकास निष्कर्ष मांडला होता, आणि प्रबंधात तो कुठेच नव्हता. विचारलं तर काम चालू आहे म्हणून सांग, असं तिच्या सरांनी काळजीपोटी सुचवलं होतं.

बाईंनी नेमकं तेच विचारलं. हिने मला उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं. पानावर एका रेघेखाली तो निष्कर्ष होता. शेजारी तिच्या अक्षरात लिहिलं होतं, रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची माझ्याकडून अदलाबदल झाली, चार महिन्यांचं गणित चुकीचं आहे, परिषदेला आज कळवलं. खाली तारीख आणि सही.

"हे कोणी पकडलं?" बाईंनी विचारलं.

"मीच. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं."

"मग लिहिलंत कशाला?"

"माझ्यामागून येणाऱ्याने यावरच पुढचं काम रचलं असतं, मॅडम."

माझा पुठ्ठा अभिमानाने ताठ झाला. बाई बराच वेळ ते पान वाचत राहिल्या.

नवव्या दिवशी पत्र आलं. जागा मिळाली होती. सरांनी सगळ्यांना चहा पाजला आणि आपल्या सल्ल्याबद्दल स्वतःचेच कान पकडले. निवड करणाऱ्या मंडळींनो, छापून आलेल्या शोधनिबंधांची यादी जरूर वाचा, पण कधीतरी वहीसुद्धा मागून बघा.

तिने सामान आवरायला घेतलं तेव्हा मला कळलं, की वही संस्थेच्या मालकीची असते, माणसाबरोबर जात नाही. तिने शेवटच्या पानावर सही केली, पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि मला कपाटात ठेवून दार लावलं. मला खूप रडू आलं होतं. पण शाई फुटली असती, आणि तिचं अक्षर मला जपायचं होतं.