हसणाऱ्यानं पाणी शेंदायचं

शनिवारी इंटरच्या वर्गात पुन्हा नुसती बाकंच हजर! प्रोफेसर अभिमन पाटलांच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागला. जळगावात इंग्रजी शिकवावं तर त्यांनीच. कुणी चुकलं की खदखदून हसायचे, त्याला बाकावर उभं करायचे. त्याशिवाय का भाषा येते? आणि आता ही पोरं दुसऱ्या कुणाकडे जाऊन बसतात? प्रिन्सिपॉल नवा माणूस शोधताहेत, अशी कुजबुज होतीच. वर्ग गेला म्हणजे नोकरीही गेली.

त्यांनी शिपाई हिलालला गाठलं. "खरं सांग, कोण शिकवतं त्यांना?"

"माले काय ठाऊक, सर? बठ्ठा पोरे बन्सीलालना केळीना बागमा जातस."

सगळी पोरं केळीच्या बागेत? हा लेकाचाही सामील असणार, असं पुटपुटत सरांनी सायकल काढली.

बागेत केळीच्या आड उभं राहून त्यांनी कान टवकारले. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेला झुलाल इंग्रजीत बोलत होता! बापाच्या मारक्या बैलाची हकिकत. क्रियापदं कुठल्या कुठं, पण गडी थांबायला तयार नव्हता. कुणीतरी फिसकन हसलं.

"हसलास? चल, शेंद पाणी!" वर्गातलाच बन्सीलाल ओरडला. हसणारा मुकाट्यानं विहिरीवर गेला.

सर पुढे आले. "तुमचा मास्तर कुठाय?"

पोरांची पाचावर धारण बसली. बन्सीलाल चाचरत म्हणाला, "मास्तर नाही, सर. चिठ्ठी उचलायची नि त्यावर बोलायचं. हसणाऱ्यानं सगळ्यांसाठी पाणी शेंदायचं. तुम्ही उचलता?"

थट्टा करतात की काय? पण माघार कशी घ्यायची? सरांनी चिठ्ठी उचलली. 'माझं गाव.' झालं! नोट्स हातात नसताना इंग्रजी बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. कसंबसं एक वाक्य निघालं, तेही चुकीचं. लाजेनं कान तापले. एकेकाचं तोंड त्यांनी न्याहाळलं. आता कोण हसतो?

कुणीच हसलं नाही. झुलाल हळूच म्हणाला, "पुढे, सर."

सरांनी गावाची गोष्ट चुकतमाकत पुरी केली. मग कोट काढून बांधावरच्या बाभळीला अडकवला, बादली उचलली आणि विहिरीकडे निघाले.

"सर, तुम्ही कुठं हसलात?" बन्सीलाल मागे धावला.

"आज नाही रे," सर म्हणाले आणि त्यांनी बादली विहिरीत सोडली.