खांबावरच्या निळ्या चपला

मित्रांनो, मी एक जुनी पहार. उंची पाच फूट, वजन साडेसात किलो, आणि धंदा म्हणाल तर जन्मभर मारहाण. हल्ली मी पावणे गावातल्या एका खोलीत दारामागे उभी असते. माझ्या टोकाला गंज चढला आहे. त्या गंजाखाली एक डाग आहे, तो मात्र गंजाचा नाही. त्याची गोष्ट तुम्हाला सांगते. मऊ गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्मच मारातून झाला. बंदराकडे जाणाऱ्या द्रोणागिरीच्या रस्त्यावर कंटेनर वाहणाऱ्या एका ट्रेलरचा एक्सल तुटला, भंगारात गेला आणि तिथून पावण्याला नामदेवच्या वर्कशॉपमध्ये आला. नामदेवने मला भट्टीत लालभडक केलं आणि घणाखाली घातलं. दोन दिवस मी मार खाल्ला. एका बाजूला टोक निघालं, दुसऱ्या बाजूला चपटं पातं. मला न्यायला आलेल्या माणसाला नामदेव म्हणाला, "टोक फोडायला, पातं कापायला. घाईत गल्लत करू नको, पस्तावशील." मी हे वाक्य विसरले नाही. माणसं विसरतात.

तो माणूस म्हणजे सिताराम. तो आणि त्याची बायको केशरबाई, दोघंही जालन्याकडची. वीस वर्षांपूर्वी पावण्याला आली आणि एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागली. आत वजा अठरा अंश. केशरबाई मटारचे क्रेट लावायची. सिताराम माझ्याकडून उंबऱ्यावरचा बर्फ फोडून घ्यायचा. तो बर्फ दगडासारखा असतो. मी त्याच्या छातीत घुसायचे, तो तडकायचा, त्याच्या कपच्या सितारामच्या तोंडावर उडायच्या. रोज सकाळी आमची ही मारामारी. मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू.

एकदा सिताराम आत असताना वॉचमनने बाहेरून दार लावलं. आतली कडी गोठली होती. सितारामने मला उचललं आणि दारावर घातलं. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन ठोके. बाहेर क्रेट धूत बसलेल्या केशरबाईने ते ऐकले. दार उघडलं तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. ती रडली नाही. तिने वॉचमनच्या सात पिढ्या काढल्या आणि त्याच दिवशी एक नियम केला. आत जाणाऱ्याने गमबूट घालायचे आणि आपल्या चपला दाराबाहेर काढून ठेवायच्या, पुढची बाजू दाराकडे. चपला दिसल्या की माणूस आत आहे, कडी लावायची नाही. सितारामच्या चपला निळ्या पट्ट्यांच्या. साहेब लोकही पुढे दार लावताना आधी खाली बघू लागले.

मग एका वर्षी दुरुस्तीसाठी कोल्ड स्टोरेज चार महिने बंद झालं. नाक्यावर राहणारा कान्हा माणसं पुरवायचं काम करी. त्याला हिमाचलात बर्फावर घसरायला येणाऱ्या पाहुण्यांच्या एका रिसॉर्टसाठी माणसं हवी होती. तो घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "काकी, तुमी तर वजा अठरात डबा खाता. तिकडं वजा सात. तुमाला तर गरम होईल."

तिघंही हसले. चूक तिथेच झाली. थंडी आपल्याला ठाऊक आहे असं दोघांना वाटलं. मला गोणपाटात गुंडाळून आगगाडीत घातलं. पोलिसाने विचारलं तेव्हा सितारामने शांतपणे सांगितलं की हे आमचं हत्यार नाही, आमची नोकरी आहे.

मित्रांनो, पावण्याची थंडी एका खोलीत कोंडलेली होती. वीस मिनिटं झाली की बाहेर यायचं, उन्हात उभं राहायचं, घाम येईपर्यंत. तिकडे बाहेरच नव्हतं. जिकडे बाहेर पडाल तिकडे थंडी. शिवाय ती हलणारी थंडी. वारा डोंगरावरून येऊन माणसाला कानफटवायचा. कान्हाबरोबर आलेली निम्मी माणसं आठवड्यात पळाली. ही दोघं राहिली.

पाहुण्यांना दोरीने वर ओढणारं एक मशीन होतं. त्याची पत्र्याची खोली उताराच्या पायथ्याशी, आणि खोलीपासून दहा पावलांवर दोरीचा पहिला लोखंडी खांब. सिताराम मशीनपाशी, केशरबाई कँटीनमध्ये. मी दोघांची, जिथे बर्फ जास्त तिथे मी. सितारामने पावण्याचा नियम इथेही आणला. पण दाराबाहेर चपला ठेवल्या की त्या बर्फात गडप व्हायच्या. म्हणून त्याने खांबाला उंच खिळा ठोकला. पायात बूट, गळ्यात सुतळीने बांधलेल्या चपला, असा तो कामाला निघायचा. आत जाताना चपला खिळ्याला, बाहेर येताना पुन्हा गळ्यात. सगळे हसायचे. कँटीनमधला आचारी राजवर्धन त्यांना तोरण म्हणायचा. रोज विचारायचा, तोरण लागलं का, मग लग्न कधी?

जानेवारीच्या अखेरीस केशरबाईच्या पायाची दोन बोटं काळी पडली. ती म्हणाली, आता घरी जाऊ. सिताराम म्हणाला, मार्चपर्यंतचा शब्द दिलाय. ती म्हणाली, शब्दाला बोटं नसतात, मला आहेत. तो चिडला. तीही चिडली. तिने त्याच्या पुढची थाळी लाथाडली. आणि मित्रांनो, वीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. सितारामने तिच्या तोंडात मारली.

मी कोपऱ्यात उभी होते. मी डोंगरात घुसलेली आहे, पण तसला आवाज मी ऐकला नव्हता. सिताराम आपल्या हाताकडे बघत राहिला. केशरबाईच्या ओठातून रक्त आलं. ती हळू आवाजात म्हणाली, "आजपासून तुमच्या चपला माझ्या दारात नकोत."

त्याने चपला उचलल्या आणि गेला. मला तिच्यापाशी ठेवून गेला.

हे भांडण सकाळचं. त्या दिवशी पहाटेपासूनच डोंगर गुरगुरत होता. रात्रभर पडलेला बर्फ वर लटकलेला होता. रिसॉर्टच्या साहेबांचा हुकूम आला की मशीन बंद, खोली रिकामी, कोणीही उतारावर जायचं नाही. सगळ्यांना कँटीनमध्ये आणलं. मी पायऱ्यांवरचा बर्फ फोडत होते. केशरबाई मला अशी आपटत होती की प्रत्येक घावाखाली कोण आहे ते मला कळत होतं.

दुपारी दोनच्या सुमारास डोंगर तुटला. आधी एक टाळी वाजल्यासारखं झालं. मग पांढरी भिंत धावत खाली आली. झाडं काडेपेटीच्या काड्यांसारखी मोडली. मशीनची खोली होती, आणि मग नव्हती. कँटीनच्या काचा फुटून आत आल्या, राजवर्धनच्या कपाळात एक तुकडा रुतला. मग एवढी शांतता झाली की किटलीतलं पाणी ऐकू येत होतं.

कान्हाने माणसं मोजली. सिताराम नव्हता. कान्हा म्हणाला, तो सकाळीच रागाने जीपमध्ये बसून खालच्या गावात गेला, मी स्वतः बघितलं. मग त्याने कँटीनच्या दाराला आतून कुलूप घातलं. वरचा बर्फ अजून सुटला नव्हता, कोणी बाहेर जाऊ नये म्हणून. केशरबाई फुटक्या काचा गोळा करू लागली. गेला तर गेला, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. ओठ सुजला होता.

वारा थोडा पडला. तिने फुटक्या खिडकीच्या गजांतून बाहेर बघितलं. सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात एक खांब वाकलेला, पण उभा. आणि खांबावर दोन निळ्या पट्ट्या हलत होत्या.

"कुलूप काढ," ती म्हणाली.

"काकी, तो जीपनं गेलाय."

"चपला सोडून?"

"रागात होता. विसरला आसंल."

"मला विसरंल. चपला न्हाई विसरायचा."

कान्हा दारात आडवा उभा राहिला. ती मला घेऊन पुढे गेली, तेव्हा त्याने तिचे केस धरून तिला मागे खेचलं. तिने मला फिरवलं. मी त्याच्या मनगटावर बसले. हाड मोडल्याचा आवाज बर्फाच्या आवाजापेक्षा वेगळा असतो, ओला असतो. कान्हा खाली बसला आणि लहान पोरासारखा रडत बोलू लागला. मशीन गोठू नये म्हणून त्यानेच हुकूम मोडून सितारामला आत पाठवलं होतं. खरं बोलायला माणसाला हाड मोडावं लागतं, हे मला काही अभिमानाने सांगवत नाही. पण झालं असं.

दुसऱ्या घावात कुलूप तुटलं. ती कमरेएवढ्या बर्फातून धावली. धावली म्हणजे पडली, उठली, पडली. मागून राजवर्धन कपाळाला फडकं बांधून परात घेऊन आला. त्याच्यामागे बाकीचे, कोणाकडे फावडं, कोणाकडे ट्रे.

घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो. मी त्यात घुसत गेले, चपलांच्या खांबापासून दहा पावलं मोजून. चार फुटांवर मला पत्रा लागला. केशरबाईने सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्या डोक्यावर दगड मारला. तीन ठोके. थांबली.

मित्रांनो, मला कान नाहीत. पण लोखंडाला ऐकू येतं. माझ्या टोकातून वर, माझ्या अंगभर, तीन बारीक ठोके आले. त्याच्याकडे हातोडी होती. केशरबाईचे हात माझ्यावर होते. तिलाही कळलं. तिने मला एवढं घट्ट धरलं की माझी थंडी तिच्या हाताला चिकटून कातडी निघाली.

मग घाव. राजवर्धन बर्फ उपसत होता आणि ती मारत होती. वर डोंगर पुन्हा गुरगुरला. कोणीतरी ओरडलं की पळा. कोणी पळालं नाही. पत्रा उघडा पडला. इथे मला उलटं करायला हवं होतं. पत्रा कापायचा असतो, पात्याने. पण घाईत तिने टोकच वर उचललं आणि सगळा जीव लावून खाली आणलं. मी पत्र्यातून आरपार गेले आणि मऊ काहीतरी लागलं. मी सितारामच्या खांद्यात घुसले होते.

खालून ओरडणं आलं. केशरबाईने भोकाला तोंड लावलं.

"हाय का?"

"हाय," आतून आवाज आला. "हळू मार की, बाई."

त्याला ओढून काढलं तेव्हा माझ्या टोकावरून त्याचं रक्त गळत होतं आणि ते गळतानाच गोठत होतं. मशीनच्या मोठ्या चाकाने पत्रा तोलून धरला होता, म्हणून तो दबला नाही. तिघांनी त्याला उचललं. केशरबाई आधी खांबाकडे गेली, चपला काढल्या आणि स्वतःच्या गळ्यात घातल्या. खोलीत आणल्यावर सिताराम तिच्या ओठाकडे बघत होता. मग म्हणाला, "तुला मारलं त्या हातानं हातोडी धरवत नव्हती मला." ती म्हणाली की हात दोन असतात, दुसऱ्याने धरायची होती. पण तिने त्याचा तोच हात रात्रभर सोडला नाही.

आता ती दोघं पावण्यात आहेत. केशरबाई आठ बोटांवर चालते. सितारामचा उजवा खांदा वर जात नाही, म्हणून मला कोणी उचलत नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा केशरबाईने त्याला पाणी पाजून परत पाठवलं.

सितारामने तिच्यावर पुन्हा हात उगारला नाही. पण त्याचा डावा हात अचानक वर गेला, पंखा लावायला जरी, तरी तिची मान आजही जराशी आत जाते. त्याला ते दिसतं. मग तो हात हळूच खाली घेतो आणि तिलाच पंखा लावायला सांगतो. मित्रांनो, माझा घाव भरला. त्याच्या हाताचा अजून भरतोय.

मी काही शहाणी नाही, मी पहार आहे. मला एवढंच मागायचं आहे. जोर हातात असतो, तेव्हा तो कुठे पडणार हे आधी बघा. आणि कुठलंही दार लावण्याआधी, कितीही राग असो, एकदा खाली बघा.

रोज संध्याकाळी केशरबाई दाराशी येते, खाली बघते. निळ्या चपला असतात, पुढची बाजू घराकडे. मग ती कडी न लावता आत जाते, आणि मी दारामागे उभी राहते.