सातवी शिफारस

"इथं सही करा आणि मोकळ्या व्हा, सिस्टर," जेलर इंद्रजित साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

मी पेनाला हात लावला नाही. अकरा वर्षं या सबजेलमध्ये मी कंत्राटी नर्स आहे. सांगवीहून रोज स्कूटीवर येते, कैद्यांच्या गोळ्या देते आणि दर मार्चला पुढची ऑर्डर निघेल की नाही म्हणून जीव टांगणीला लावते. पण न वाचता सही करायची खोड मला नाही.

तुरुंगातली नशा आणि कैद्यांचं आरोग्य, दोन्ही तपासायला गेल्या साली एक समिती येऊन गेली होती. तिच्या शिफारशींना शासनाने उत्तर द्यायचं होतं. एका रकान्यात 'मान्य, मान्य' छापून आलेलं. शेवटच्या रकान्यात आम्ही काय केलं ते भरायचं, खाली नर्सची सही लागायची. सातवी शिफारस होती, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध कैद्याला पहिल्या दिवसापासून मिळावं. तिच्यापुढे साहेबांनी आधीच टाइप करून ठेवलं होतं, 'पूर्तता झाली'.

"कुठं झाली हो पूर्तता?" मी विचारलं. "बिरदेवच्या गोळ्या तुमच्या कपाटात सील होऊन पडल्यात. आज दहावा दिवस."

बिरदेव सुप्याचा मेंढपाळ, बांधाच्या भांडणात आत आलेला. त्याला लहानपणापासून फिट येते. समिती येऊन गेल्यावर गेटवर हुकूम लागला, की पाकिटावर लाल खूण दिसली म्हणजे ती नशेची गोळी, जप्त करा. त्याच्या फिटच्या गोळीवर लाल खूण होती. झालं! सोबत डॉक्टरांची शिक्क्याची चिठ्ठी होती, पण चिठ्ठी वाचतो कोण? डॉक्टरांनी पुन्हा लिहून दिलं, तर साहेब म्हणाले वरून परवानगी मागवलीय. परवानगी अजून आलेली नाही, तोवर बिरदेवला तीन फिट येऊन गेल्या.

"नाटकं करतो तो," साहेब म्हणाले. "दवाखान्याची हवा खायची असते यांना."

"स्वतःची जीभ चावून?"

खरं सांगायचं तर नऊ दिवस मीही गप्पच होते. मार्च तोंडावर आला होता ना! आज सकाळी गेटवर त्याची आई फुलाबाई दिसली. सोनबा हवालदार तिला सांगत होता, "मावशे, नशेच्या गोळ्या हितं चालत न्हाईत. जा घरी." तिने माझा हात धरला. "बाई, माझं पोरगं नशा न्हाय करत वं. फिट येती त्याला. तुमी तरी सांगा की ह्यास्नी." मी मान खाली घालून आत आले. माझी मलाच शिसारी आली.

"पाचच्या आत कागद वर जायला पाहिजे," साहेबांचा आवाज चढला. "सही नाही, तर ऑर्डरही नाही. विचार करा."

"नका देऊ ऑर्डर. भावजयीच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्यांचं शेण काढीन. खोट्यावर सही करणार नाही."

मी पेन उघडलं. 'पूर्तता झाली'च्या पुढे ठसठशीत 'नाही' लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली. "घ्या. पाठवा."

साहेब त्या एका शब्दाकडे बघत राहिले. असला कागद वर गेला तर पहिला जबाब त्यांनाच द्यावा लागणार होता. घड्याळात साडेचार झाले होते. त्यांनी किल्ल्या टेबलावर आपटल्या. "काढा तुमची गोळी. आणि नवीन कागदावर सही करा."

"आधी गोळी."

सोनबा बिरदेवला घेऊन आला. आमच्याकडची रीत अशी, की गोळी चमच्याने चुरायची, भुकटी तळहातावर द्यायची, पाणी पाजायचं आणि मग 'आ कर' म्हणून तोंड तपासायचं. गोळी गालात लपवून दुसऱ्याला विकतात ना काही जण.

बिरदेवने भुकटी चाटली, वर पाणी घेतलं आणि मी काही बोलायच्या आत आपणच तोंड उघडलं. जीभ काठाला फाटून काळीनिळी पडली होती.

"बघा सिस्टर, लपवली न्हाय."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मीट बाबा तोंड. माहीत आहे मला."

सोनबाही ती जीभ बघत होता.

नव्या कागदावर सातव्या शिफारशीपुढे मी हातानेच लिहिलं, 'एका कैद्याला, दहाव्या दिवशी'. त्याखाली सही केली. साहेबांनी तोच कागद पाठवला. दुसरा टाइप करायला वेळच नव्हता.

मार्चमध्ये माझी ऑर्डर आली नाही. माझा डबा आणि चपला न्यायला गेले, तेव्हा गेटवर फुलाबाई गोळ्यांचं नवं पाकीट घेऊन उभी होती. मी थबकले.

"थांब मावशे," सोनबा म्हणाला आणि त्याने चष्मा लावला. डॉक्टरांची चिठ्ठी उजेडात धरून, एकेका शब्दाखाली बोट ठेवत तो वाचत होता.