खुर्शीदबीनं टोपली झाकली

आमच्या अमरावतीच्या गल्लीत कायदा कळे तो कमलाकांत वकिलांना, आणि माणूस कळे तो घरोघर बांगड्या भरणाऱ्या खुर्शीदबीला. हे मी आज म्हणते. सत्तावन्न साली मी बारा वर्षांची होते आणि मला वाटे, दोन्ही कळतं ते वकिलांनाच.

वकिलांची सून ललिता पंधरा वर्षांची, माहेर अकोल्याचं. नवरा उद्धव तिला मारायचा. आमची भिंत लागून, सारं ऐकू येई. आई दार लावून घेई. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं, म्हणे. दर आठ-दहा दिवसांनी ललिताला नव्या बांगड्या लागत. पोरगी धांदरट, भांडी घासताना वाढवते, असं सासू सांगे. खुर्शीदबी मुकाट भरून जाई. हिचा तर धंदाच होतोय, असं मला वाटे. त्या विचाराची आता लाज वाटते.

मग वकिलांच्या मुलीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी मांडवात बायका चुडा भरायला ओळीनं बसल्या. ललिताची पाळी आली. खुर्शीदबीनं तिचं मनगट उलटं करून बराच वेळ पाहिलं आणि टोपलीवर फडकं टाकलं. सासू संतापली. नणंदेच्या लग्नात सवाष्णीचे हात भुंडे, केवढा अपशकुन! वकील उठून आले. तुझं काम बांगड्या भरायचं, तेवढं कर, म्हणाले.

"तेच काम तीस वर्सं करून राहिली, वकीलसाब. भांड्यानं असं लागत नाही. हात पिरगाळला का काच अशी आत रुतते. तुमचा पोरगा हिले मारते. ते थांबल्याबिगर मी हिचा हात भरत नाही."

उद्धव मागच्या मागे सटकला. ओळीत पुढची माझी आई होती. तिनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"आम्ही रोज ऐकतो," ती म्हणाली. "माझ्याही नका भरू."

तिच्यामागोमाग साऱ्या ओळीनं हात मागे घेतले. आईचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

वकील ललितासमोर येऊन बसले. कोर्टात रोज लोकांची उलटतपासणी घेणाऱ्या त्या माणसानं सुनेला पहिल्यांदाच विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?

ललितानं मान वर केली नाही, पण बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं. "मले बाबाकडे पोचवा. आन् न्यायले कोनी येऊ नका."

मुलीचं लग्न उद्यावर असताना वकिलांनी टांगा बोलावला आणि बडनेऱ्याहून गाडी धरून स्वतः तिला अकोल्याला पोचवलं.