गोळ्यांच्या पाकिटांचा हार

सून दागिने घडवायची, पण सोन्याचे नाही. सासूबाईंच्या गोळ्या संपल्या की रिकामी पाकिटं ती मागून घ्यायची, त्यांच्या रंगीत चकचकीत कागदाच्या पाकळ्या कापायची आणि चांदीच्या तारेत गुंफायची. "लोकांच्या सुना सोनं मागतात, माझी केराची टोपली मागते," असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या.

वर्षभराने त्यातला एक हार संग्रहालयाने घेतला. सासूबाई सुनेबरोबर बघायला गेल्या. हार काचेच्या पेटीत होता. त्यांनी काचेवर बोट टेकवलं, तसा पहारेकरी धावत आला.

"आजी, हात लावू नका. मौल्यवान वस्तू आहे."

"अरे, माझ्या गुडघ्याच्या गोळ्या आहेत त्या!"

पहारेकऱ्याने हार निरखून पाहिला. "आणि ही निळी पाकळी?"

"ती रक्तदाबाची. आणि शेजारची लाल आहे ना, त्या गोळ्यांनी अंगावर पुरळ उठलं, म्हणून डॉक्टरच बदलला."

मागे उभे असलेले लोक पुढे सरकले. गुडघ्याला खरंच फरक पडतो का, असं एका बाईने विचारलं. सासूबाईंनी पहिल्या दुखण्यापासून सांगायला सुरुवात केली. सून "घरी चला" म्हणत होती, पण तोवर पहारेकऱ्याने त्यांच्यासाठी खुर्ची आणली होती.