सरंग्याचं माप

पैलीने राणी माशाच्या पिल्लाच्या पोटाभोवती दोरा गुंडाळला आणि दातांनी तोडला. "जाळ्याला एवढं घर पुरे."

समोर जाळं धरून बसलेली त्याची बायको अन्नम हसली. "लग्नातल्या अंगठीसाठी माझ्या बोटाचं असं माप घेतलं असतं, तर ती तिसऱ्या दिवशी खाडीत पडली नसती."

केरळातल्या मुनंबमच्या धक्क्यावर चाळीस वर्षं पैली ट्रॉलरची जाळी विणत होता. शंकरपाळ्यांसारखी घरं. पाण्यात ओढ बसली की ती मिटतात आणि राणीचं बोटभर पिल्लूही आत राहतं. अशी किती पिल्लं खताच्या गाडीत गेली, ते मासे निवडणाऱ्या अन्नमलाच विचारावं! आता पैलीचा एक डोळा गेला होता. दुसरा जायच्या आत त्याला पिल्लं सोडून देणारं एक तरी जाळं विणायचं होतं. चौकोनी घरांचं. ती मिटत नाहीत.

बोटीचा मालक लोनप्पन ते जाळं न्यायला कसाबसा तयार झाला. "पिल्लं सापडली की सरकारी लोक बोट धरतात, पैलीचेट्टा, म्हणून एक फेरी नेतो. तरी पिल्लं आली, तर जुनंच जाळं लावणार. बोट धरायचीच, तर पोटभर मासा तरी येऊ दे."

पाचव्या दिवशी सकाळी बोट लागली. सगळ्या राण्या वीतभर, गुलाबी. पिल्लू एक नाही. पैलीला हसू आवरेना.

मग अन्नमने दुसरी टोपली उपडी केली. सरंग्याची पिल्लं. तळहाताएवढी, चपटी, शेकड्यांनी. राणी सडपातळ, ती निसटली. यांची पाठ आणि पोट चौकोनात अडकलं होतं. आणि पैलीने माप घेतलं होतं फक्त राणीचं.

"जुन्या जाळ्याच्या फटींतून यातली थोडी तरी जायची हो," अन्नम हळूच म्हणाली.

लोनप्पनने खलाशांना खूण केली. ते जाळं सोडवू लागले.

"मालक, अजून एक फेरी. घरं जरा मोठी करतो."

"मग राणीही जाईल. मी काय पाणी विकू?"

खताची गाडी लागली. अन्नम फावडं घेऊन उठली. पैली ओल्या जाळ्याशी उकिडवा बसला. एका घरात सरंग्याचं पिल्लू अडकलं होतं. त्याने ते जरासं तिरकं केलं, पाठ या कोपऱ्यात, पोट समोरच्या कोपऱ्यात. ते अलगद पलीकडे आलं.

त्याने शेजारच्या घरातलं तिरकं केलं. तेही आलं.