अधिक महिन्याचे एकोणतीस दिवस

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्या ऑगस्टमधल्या दुपारी माझ्या पोटात सतरा वस्तू होत्या: लग्नाच्या लाल पुस्तिका दोन, घरनोंदणीची पुस्तिका एक, पासपोर्ट दोन (त्यातला एक मुदत संपलेला), पोलीस चौकीत राहण्याची नोंद केल्याच्या पावत्या सहा, विमानात चढायच्या पासांचे तुकडे चार, फोटोंचे पाकीट एक आणि ग्वेईझन आजींची निळी वही एक.

मित्रांनो, माझा जन्म शरद पौर्णिमेच्या मूनकेकसाठी झाला. झाकणावर चंद्र आणि ससा आहे. मूनकेक आठवडाभरात संपले. रिकामे डबे लोक फेकतात, पण चीनमधल्या इचांगच्या या घरात आजींनी मला पुसले आणि घरातले सगळ्यांत महत्त्वाचे कागद माझ्या हवाली केले.

आजींचा मुलगा दोंगलिन. त्याची बायको नातेला जॉर्जियातल्या कुताइसी गावची. लग्नानंतर तिला कुटुंबासोबत राहण्याचा परवाना मिळाला, पण तो दर वर्षी नवा करावा लागे आणि त्यावर नोकरी करता येत नसे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई तिच्या हातच्या पावासाठी नोकरीची जागा राखून बसल्या होत्या. हवे होते कायम वास्तव्याचे कार्ड. त्यासाठी लग्नाला पाच वर्षे, सलग पाच वर्षे इथला मुक्काम आणि दर वर्षी किमान नऊ महिने देशात.

आजी याबाबत फार कडक. नातेला परदेशातून परतली, की चोवीस तासांत चौकीत नोंद करावी लागते. आजी दारातच अडवत. "आधी चौकी, मग चहा!"

"आई, निदान चपला तरी बदलू दे तिला," दोंगलिन म्हणे.

"त्याच चपलांनी चौकी गाठता येते."

हे पाचवे वर्ष होते. वसंतात नातेलाचे वडील आजारी पडले म्हणून ती कुताइसीला जाऊन आली होती. आता ऑक्टोबरात भावाचे लग्न होते, आणि वडिलांच्या मळ्यात द्राक्षतोडणीही. तिला महिनाभर राहायचे होते. दोंगलिनने मला उघडले आणि वही काढली. नातेलाच्या येण्याजाण्याच्या तारखा आजी तिच्यात चांद्र महिन्यांप्रमाणेच लिहीत.

"दुसऱ्या महिन्याच्या विसाव्या दिवशी गेली, चौथ्याच्या दहाव्या दिवशी आली," त्याने हिशेब केला. "एकोणपन्नास दिवस. महिनाभर खुशाल जा."

नातेलाने टाळी वाजवली.

"थांब रे शहाण्या," आजी म्हणाल्या. "यंदा दुसरा महिना दोनदा आला होता."

"वहीत कुठे लिहिलंय तसं?"

"वहीत कशाला? माझ्या पायांत बघ. अधिक महिन्यात लेकीने आईला बूट द्यायचे असतात. मला लेक नाही. हिने तिकडे बापाच्या उशाशी बसून फोनवरून मागवले. हे लाल बूट अधिक महिन्यातच दारात आले, तेव्हा ही तिकडेच होती."

"मुलाने द्यायची पद्धत नाही ना, आई."

"म्हणूनच तुझ्या लक्षात राहत नाही."

मग पासांचे तुकडे बाहेर आले. गेल्याची तारीख ११ मार्च, आल्याची २८ मे. अठ्ठ्याहत्तर दिवस. त्यात आणखी तीस मिळवले, तर वर्षात इथे उरत होते फक्त दोनशे सत्तावन्न. नऊ महिन्यांचे दोनशे सत्तर दिवस भरत नव्हते. पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती.

नातेलाने तुकडे गोळा करून पुन्हा माझ्यात ठेवले.

"दहा दिवस," शेवटी नातेला म्हणाली. "लग्न लावून येते. द्राक्षं पुढच्या वर्षी."

"पोरी, पुढच्या वर्षी मीही येते तोडायला," आजी म्हणाल्या. "बूट मजबूत आहेत."

मित्रांनो, मला गंज चढला आहे आणि झाकणावरचा ससा अर्धा पुसला आहे. पण या घराचे माझ्यावर उपकार आहेत: चार फाटके तुकडे सांभाळण्याइतका विश्वास त्यांनी एका रिकाम्या डब्यावर ठेवला. तुमच्याकडचे जुने कागदही जपा, आणि त्यांच्या तारखा ज्यांना तोंडपाठ आहेत अशी माणसेही.

नातेला ३ ऑक्टोबरला गेली, १३ ऑक्टोबरला परतली आणि चहाआधी चौकीत जाऊन आली. पुढच्या वर्षी अर्जाच्या खिडकीवर तिने पाचही वर्षांचे दिवस मांडले. पाचव्या वर्षासमोर आकडा होता २७७.

आज माझ्या पोटात एकवीस वस्तू आहेत: आधीच्या सतरा, पासांचे नवे तुकडे दोन, चौकीची पावती एक आणि साडेआठ सेंटीमीटर लांबीचे कार्ड एक.